माल्टा दोन दिवसांत उरकू नका, एवढ्याशा देशात बघण्यासारखं खूप आहे

सिसिलीला जोडून माल्टाला दोन दिवस पुरतील का, आणि बीच सोडले तर तिथं कुतूहल वाटावं असं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मराठी ग्रुप घेऊन भूमध्य समुद्राच्या बाजूला जातोय, आणि माझं उत्तर सरळ आहे, दोन दिवस नका ठेवू, निदान चार तरी ठेवा. नकाशावर माल्टा एवढंसं दिसतं म्हणून लोक इटलीच्या शेपटीला चिकटवून टाकतात आणि मग बोटीतून निळं पाणी बघून परत येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी आकाराचा अंदाज घ्या. अख्ख्या देशाचं क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी, आणि लोकसंख्या साडेपाच लाखांच्या वर. माणसं राहतात ती बेटं तीन, माल्टा, गोझो आणि कोमिनो, त्यातल्या कोमिनोवर कायमचं राहणारं जवळजवळ कोणीच नाही. देशात एकही बारमाही नदी नाही, तळं नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, सगळ्यात उंच जागा २५३ मीटर. पण सिसिली उत्तरेला ९०-एक किलोमीटरवर आणि दक्षिणेला आफ्रिका, त्यामुळे ज्याला भूमध्य समुद्रावर राज्य करायचं त्याला हे बेट हवंच असायचं. लहान जागा, पाण्याची बोंब आणि मोक्याचं ठिकाण या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या की पुढे मी जे सांगतोय ते सगळं आपोआप जुळत जाईल.

सगळ्यात जुन्यापासून सुरू करू. गोझोवर जगान्तिया नावाची दगडी मंदिरं आहेत, इसवी सनापूर्वी साधारण ३६०० च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडच्या आधीची आणि इंग्लंडच्या स्टोनहेंजमधल्या मोठ्या दगडांच्याही आधीची. तेव्हा या लोकांकडे धातूची हत्यारं नव्हती आणि तरी त्यांनी काही टनांचे दगड उभे केले. राक्षसिणीने बांधली अशी तिथली जुनी दंतकथा आहे आणि ते दगड समोर बघितले की ती कथा का तयार झाली ते कळतं. माल्टा बेटावर हाजार ईम आणि इम्नायद्रा ही दोन मंदिरं समुद्राच्या काठावर आहेत, त्यातल्या इम्नायद्राची रचना अशी की वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखी असते तेव्हा, उगवत्या सूर्याचा प्रकाश मुख्य दारातून सरळ आत जातो.

पण माझ्या मते या सगळ्यांच्या वरचं म्हणजे हाल साफ्लिएनीचं हायपोजियम. १९०२ साली घरं बांधताना मजुरांना हे सापडलं, जमिनीखाली तीन मजले खोल, खडकात कोरलेल्या खोल्या, आणि त्या खोल्या अशा कोरल्यात की जमिनीवरच्या मंदिराचे खांब-कमानी खाली दगडात हुबेहूब उतरवल्यात. हे दफनस्थान होतं, इथं सुमारे सात हजार माणसांचे अवशेष असावेत असा अंदाज आहे. आत माणसाच्या श्वासाने आणि उजेडाने भिंतींवरचा लाल रंग खराब होतो म्हणून दिवसाला ८० च्या आसपास लोकांनाच सोडतात, दर खेपेला दहा जण, फोटो काढायला बंदी, सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तिकीट बऱ्याच आठवडे आधी संपतं, त्यामुळे माझा नियम असा की विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी हायपोजियमचं बुकिंग बघायचं. आत मिळालेली झोपलेल्या बाईची हाताच्या पंजात मावेल एवढी मूर्ती राजधानी वॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवली आहे, ती चुकवू नका.

हायपोजियमपासून जवळच तार्शीनची मंदिरं. एका शेतकऱ्याचा नांगर सारखा दगडांना अडकायचा, त्याने ते कळवलं आणि खोदकाम सुरू झालं. ते खोदकाम ज्यांनी केलं ते थेमिस्टोक्लिस झमित, हायपोजियमचं कामही शेवटी त्यांनीच पुढे नेलं, आणि हे गृहस्थ मूळचे डॉक्टर. त्या काळी माल्टा ताप नावाचा आजार ब्रिटिश सैनिकांना हैराण करायचा, डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला पण तो येतो कुठून ते कळत नव्हतं, ते १९०५ मध्ये झमित यांनी शोधलं, शेळीच्या दुधातून. तेव्हा माल्टात शेळ्यांचे कळप गल्लोगल्ली फिरायचे आणि दारात, अगदी जिना चढून वर नेऊन सुद्धा, गिऱ्हाइकासमोर दूध काढून द्यायचे. आज आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर ज्याला ब्रुसेलोसिस म्हणतात तोच हा आजार. एकच माणूस रोगाचं मूळ शोधतो आणि पाच हजार वर्षांपूर्वीची मंदिरंही उकरून काढतो, मला माल्टातलं हे सगळ्यात आवडतं पात्र आहे.

आता सरदारांकडे येऊ, कारण तुम्ही वॅलेटाला उतराल तेव्हा जे दिसेल ते बहुतेक त्यांचंच. सेंट जॉनचे नाइट्स म्हणजे जेरुसलेमला आजारी यात्रेकरूंची सेवा करायला सुरू झालेली आणि नंतर लढाऊ झालेली संघटना, ऱ्होड्स बेट तुर्कांनी घेतल्यावर त्यांना घर उरलं नाही, तेव्हा १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं. भाडं किती, तर वर्षाला एक ससाणा! आठ टोकांचा जो माल्टाचा क्रॉस सगळीकडे दिसतो तो यांचाच.

१५६५ च्या मे महिन्यात ऑटोमन म्हणजे तुर्कांचं आरमार आलं, तीसेक हजार माणसं घेऊन, आणि समोर काहीशे नाइट्स आणि काही हजार सैनिक व गावकरी. बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मो किल्ला चार-आठ दिवसांत पडेल असा हल्लेखोरांचा हिशोब होता, तो जवळपास महिनाभर लढला आणि २३ जूनला पडला. त्या महिन्याने सगळा वेढा फिरला, कारण उरलेल्या दोन ठाण्यांना वेळ मिळाला, उन्हाळा वाढला, आजार पसरले, आणि सप्टेंबरमध्ये सिसिलीहून कुमक आली तेव्हा वेढा उठला. ८ सप्टेंबरला माल्टात अजूनही सुट्टी असते, बंदरात होड्यांच्या शर्यती असतात. गडकोट फिरलेल्या मराठी माणसाला इथं वेगळं समजवावं लागत नाही, सेंट एल्मोच्या तटावर उभं राहून बंदराकडे बघितलं की कोणती तोफ कुठे मारा करायची ते आमच्या ग्रुपमधले लोक स्वतःच सांगायला लागतात.

वेढा उठल्यावर नाइट्सनी सेंट एल्मोमागच्या उघड्या टेकडीवर नवं शहर बांधायचं ठरवलं, २८ मार्च १५६६ ला पाया घातला आणि त्यांचा प्रमुख ला वॅलेट याच्या नावावरून ते झालं वॅलेटा. हे शहर एक चौरस किलोमीटरही नाही, युरोपियन युनियनमधली सगळ्यात छोटी राजधानी, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वीस मिनिटांत चालत जाता. पण प्लॅनिंग बघा. रस्ते सरळ, काटकोनात, म्हणजे समुद्राचा वारा आत खेळेल. खंदक खणताना निघालेला दगड बांधकामाला. आणि प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायला टाकं असलंच पाहिजे असा नियम, कारण वेढा पडला तर नदी-विहिरीवर अवलंबून राहता येणार नाही. सगळं शहर मधासारख्या पिवळट चुनखडीत आहे, हा दगड इतका मऊ की खाणीतून काढला की करवतीने कापता येतो आणि हवेत राहिला की वरून कडक होतो. त्यावर हिरव्या-लाल-निळ्या लाकडी बंद बाल्कन्या. संध्याकाळी पाचनंतर फिरा, तेव्हा दगडाचा रंग वेगळाच होतो.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे नाइट्सचं चर्च बाहेरून एकदम साधं, अगदी गोदामासारखं वाटेल, आणि आत गेलात की सोनंच सोनं. जमिनीवर ४०० च्या आसपास नाइट्सच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी पाट्या आहेत, त्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून बारीक टाचेची चप्पल आत चालत नाही, बायकांनी सपाट काहीतरी घालून जा. आतल्या एका दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, १६०८ चं, त्याचं सगळ्यात मोठं आणि सही असलेलं एकमेव चित्र, आणि ती सही त्याने कुठे केलीय तर गळ्यातून वाहणाऱ्या रक्तात. हा माणूस रोममध्ये खून करून पळाला होता, माल्टात आला, नाइट झाला, काही आठवड्यांतच मारामारीत अडकला, सेंट अँजेलो किल्ल्यात कैद झाला, तिथूनही पळाला, आणि मग नाइट्सनी त्याला संघटनेतून काढून टाकायचा समारंभ केला तो त्याच दालनात, त्याच चित्रासमोर. मी तिथं ग्रुपला आधी गोष्ट सांगतो आणि मग पाच मिनिटं काही बोलत नाही, लोकांना बघू देतो.

जाता जाता, ही मंडळी मूळची शुश्रूषेची, हे विसरू नका. वॅलेटात १५७४ मध्ये सुरू झालेलं त्यांचं हॉस्पिटल आहे, एकच वॉर्ड १५५ मीटर लांब, आणि रोग्यांना जेवण चांदीच्या ताटवाट्यांत द्यायचे, थाटमाट म्हणून नाही, स्वच्छ ठेवायला सोपं म्हणून. आता तिथं कॉन्फरन्स सेंटर आहे.

१७९८ मध्ये नेपोलियनने बेट घेतलं, दोन वर्षांत लोकांनी फ्रेंचांना हाकललं आणि ब्रिटिश आले ते १९६४ पर्यंत. आणि इथं आपला एक खरा दुवा आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तानच्या भांडणात ब्रिटनला ताकद दाखवायची होती, तेव्हा सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी सुएझमार्गे माल्टाला आणले गेले, त्यात बॉम्बे आर्मीच्या पलटणीही होत्या. लढाई झालीच नाही, पण काही आठवडे माल्टाच्या मैदानांवर आपल्या माणसांचे तंबू होते. त्यानंतरच्या दशकात सिंधी व्यापारी आले, रेशीम-शोभेच्या वस्तूंची दुकानं काढली, त्यांची पुढची पिढी आजही तिथं आहे आणि घरात सिंधी आणि माल्टी दोन्ही बोलते.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण वयस्कर माल्टी माणसं यावर भरभरून बोलतात. बेट इटलीच्या दाराशी असल्यामुळे १९४२ मध्ये सलग १५४ दिवस-रात्र बॉम्ब पडत होते. लोक त्याच मऊ दगडात भुयारं खोदून राहिले. १५ एप्रिल १९४२ ला राजा सहाव्या जॉर्जने शौर्याचा जॉर्ज क्रॉस अख्ख्या बेटालाच दिला, म्हणून तो आज त्यांच्या झेंड्याच्या कोपऱ्यात आहे. त्याच्या सहा दिवस आधी मोस्टाच्या चर्चमध्ये तीनशेच्या आसपास लोक प्रार्थनेला बसले असताना बॉम्ब घुमट फोडून आत पडला, घरंगळत गेला आणि फुटला नाही. तो घुमट आतून ३७ मीटर रुंद आहे, गावकऱ्यांनी स्वतः राबून बांधलाय, आणि बांधताना जुनं चर्च आत तसंच ठेवून त्याच्या भोवतीने नवं उभारलं म्हणजे प्रार्थना बंद पडायला नको. बॉम्बची प्रतिकृती तिथं बघायला मिळते.

त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत बेटावरचं धान्य आणि इंधन संपत आलं होतं, शरण जायची वेळ आली होती. १४ व्यापारी जहाजांचा ताफा निघाला, पोचली फक्त पाच, त्यातला ओहायो नावाचा तेलाचा टँकर इतका मोडला होता की दोन्ही बाजूंनी युद्धनौकांनी धरून त्याला बंदरात आणलं, तो दिवस १५ ऑगस्ट, मेरीमातेचा सण. म्हणून माल्टात त्याला सांता मारियाचा ताफा म्हणतात. आजही १५ ऑगस्टला देशभर सुट्टी असते आणि अर्धा माल्टा गोझोला जातो, तेव्हा त्या आठवड्यात गोझोची हॉटेलं आणि फेरी सोडून बाकी काहीही ठरवा.

गोझोवरून आठवलं, हे बेट मला मोठ्या बेटापेक्षा जास्त आवडतं. लोकवस्ती ४० हजारांच्या आसपास, आणि व्हिक्टोरिया नावाच्या मुख्य गावात एकाच रस्त्यावर दोन ऑपेरा थिएटर आहेत, अ‍ॅस्ट्रा आणि ऑरोरा, दोन वेगवेगळ्या बँड क्लबची, आणि दोघांची चुरस अशी की दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दोन्हीकडे स्वतंत्र ऑपेरा होतो, मुख्य गायक बाहेरून येतात आणि मागचं सगळं काम गावातले शिक्षक, सुतार, शिंपी मिळून करतात. बँड क्लब म्हणजे आपली गणेशोत्सव मंडळं समजा, वर्गणी, रोषणाई, पिढीजात चुरस सगळं आलं. उन्हाळ्यात जवळपास दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाची फेस्ता म्हणजे जत्रा असते, संताची मूर्ती खांद्यावरून निघते, बँड वाजतो आणि आतषबाजी होते. ते फटाके गावातले हौशी लोक वर्षभर स्वतः बनवतात, हे काम धोक्याचं आहे आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. जून ते सप्टेंबरात गेलात तर एक संध्याकाळ फेस्तासाठी ठेवाच, तिकीट नसतं, रस्त्यावर उभं राहायचं.

चर्च तर साडेतीनशेच्या वर आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असं तिथले लोक म्हणतात. काही चर्चवर दोन घड्याळं दिसतील, एक बरोबर आणि एक चुकीची वेळ दाखवणारं, सैतानाला प्रार्थनेची नेमकी वेळ कळू नये म्हणून, अशी समजूत.

गोझोची अझुर विंडो म्हणजे ती समुद्रातली प्रचंड दगडी कमान, ती अजूनही काही जुन्या ब्रोशरवर दिसते, पण ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली, तिच्यासाठी म्हणून जाऊ नका. पण त्या जागी जरूर जा, कारण शेजारीच फंगस रॉक आहे. या खडकावर एक लालसर वनस्पती उगवते, नाइट्सना ती रामबाण औषध वाटायची, म्हणून अठराव्या शतकात त्यांनी खडकावर पहारा बसवला, परवानगीशिवाय चढणाऱ्याला शिक्षा, आणि किनाऱ्यावरून दोरावर सरकणाऱ्या पेटीतून जा-ये. ते फंगस सुद्धा नव्हतं, दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारी परजीवी वनस्पती आहे, आणि औषध म्हणून काही विशेष गुण निघाला नाही. आजही तिथं चढायला बंदी आहे, आता निसर्ग जपायला.

मार्साश्लोकच्या बंदरात निळ्या-पिवळ्या-लाल लुत्सु होड्यांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे कोरलेले असतात, समुद्रातल्या संकटावर लक्ष ठेवायला, ही प्रथा फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांच्या काळापासूनची मानली जाते. रविवारी तिथं मासळीबाजार भरतो, कोकणातल्या लोकांना तिथून हलवणं अवघड जातं. जुनी राजधानी इम्दिनाही बघाच, तटाच्या आत तीनशेपेक्षा कमी लोक राहतात, गाड्या बहुतेक फक्त त्यांच्याच, दुपारी टूरच्या बसेस गेल्यावर संध्याकाळी जा.

भाषेचं ऐकून बघा. माल्टी ही मूळ सिसिलीतल्या अरबीतून आलेली, रोमन लिपीत लिहिली जाणारी, आणि बोलणारे लोक बहुतेक कॅथलिक अशी भाषा, चर्चमध्ये देवाला अल्ला म्हणतात. कान देऊन ऐकलं तर दुनिया, किताब यांच्या जवळचे शब्द सापडतील. इंग्रजी सुद्धा राजभाषा आहे, त्यामुळे अडत काही नाही.

खाण्याचं सांगतो, शाकाहारींना माल्टा जड जात नाही. पास्तित्सी म्हणजे खुसखुशीत पदरांची करंजी, आत रिकोटा चीज किंवा मटार, सकाळी गरम मिळते आणि स्वस्त, फक्त पिठात चरबी कुठली वापरलीय ते विचारून घ्या कारण पूर्वापार प्राण्याची चरबी वापरायचे. बिगिल्ला म्हणजे ब्रॉड बीनच्या जातीच्या छोट्या बियांची लसूण घातलेली चटणी, पावाबरोबर खातात. फ्तिरा हा त्यांचा चपटा पाव २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. खजूर भरून तळलेले इम्आरेत आणि कडू संत्र्याचं किनी नावाचं पेय, जे १९५२ पासून तिथंच बनतं, पहिल्या घोटाला विचित्र वाटतं, दुसऱ्याला आवडतं. मांसाहारींसाठी सशाचं मांस वाइनमध्ये शिजवतात, तो राष्ट्रीय पदार्थच समजा.

नळाचं पाणी पिण्याजोगं असतं पण चव मचूळ, कारण अर्ध्याहून जास्त पाणी समुद्राचं मीठ काढून बनवलेलं. पाऊस वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास, दुसरा उपाय नाही. हॉटेलात पाणी जपून वापरा, हे मी प्रत्येक ग्रुपला पहिल्याच दिवशी सांगतो.

बाकी व्यवहाराचं. व्हिसा शेंगेन, चलन युरो, इटलीच्या व्हिसावर जाताय तर मुक्काम कुठे जास्त आहे ते अर्जात नीट दाखवा. सिसिलीतल्या पोत्सालो बंदराहून बोट पावणेदोन तासांत आणते, समुद्र खवळला तर रद्द होते, म्हणून परतीचं विमान त्याच दिवशी लावू नका. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, प्लग मात्र ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम, जुलै-ऑगस्टच्या उन्हात त्या मंदिरांच्या दगडात उभं राहवत नाही. गोझोच्या गाड्या नेणाऱ्या फेरीचं तिकीट जाताना काढायचं नसतं, येतानाच पैसे घेतात. चार दिवसांत दोन वॅलेटा आणि आसपास, एक मंदिरं आणि इम्दिना, एक पूर्ण गोझो, आणि जमलं तर गोझोला एक रात्र राहा.